पंच आणि पंचा

(उत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो ‘आवडता खेळ’. त्यांची अपेक्षा असणार की हा गृहस्थ क्रिकेटवर बोलेल, सचिनच्या दोन आठवणी सांगेल आणि वेळेत खाली बसेल. मी बोलणार आहे मुष्टियुद्धावर, म्हणजे बॉक्सिंगवर. त्यातही वेल्टरवेट या एकाच वजनगटाच्या अजिंक्यपदाच्या लढतींवर. गणपतीच्या मांडवात हाणामारीचा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं कारण आधी सांगतो.

गेल्या महिन्यात वर्गणीच्या निमित्ताने एका घरी गेलो होतो. घरातल्या वहिनींनी पावती घेतली, चहा दिला आणि मग हळूच विचारलं, “काका, तुम्ही कॉलेजात बॉक्सिंग करायचात ना? आमचा नववीतला मुलगा दोन महिने त्या सत्ताविसाव्या मेनवरच्या क्लासला जातोय. आता स्पर्धेत उतरायचं म्हणतो. पाठवू का हो?” मुलगा दाराआड उभा होता. त्याचे डोळे सांगत होते, काका, हो म्हणा. वहिनींचे डोळे सांगत होते, नाही म्हणा. मी दोघांनाही म्हटलं, उत्सवात उत्तर देतो. आजचं भाषण म्हणजे ते उत्तर आहे.

प्रथम खेळाची ओळख. वेल्टरवेट म्हणजे व्यावसायिक मुष्टियुद्धात १४० पौंडांच्या वर आणि १४७ पौंडांपर्यंतचा गट. किलोत सांगायचं तर साधारण साडेत्रेसष्ट ते पावणेसदुसष्ट. म्हणजे इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जण, पोट जरा आत घेतलं तर, वेल्टरवेट आहेत! जाणकारांना हा गट फार प्रिय. हेवीवेटची ताकद दांडगी पण पाय जड, हलक्या गटांत चपळाई भरपूर पण ठोसा हलका. वेल्टरवेटमध्ये दोन्ही गोष्टी असतात. म्हणूनच या गटातल्या लढती देखण्या होतात आणि म्हणूनच धोक्याच्याही होतात.

अशी एक लढत आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर झालेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआयच्या घुमटाकार स्टेडियममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली यांचा सामना होता. तो विजेंदरने गुणांवर जिंकला. डोकलामला तेव्हा भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं. सरहद्दीवरचा तणाव निवळावा म्हणून आपण हा किताब परत द्यायला तयार आहोत, असं विजेंदरने रिंगमध्ये उभं राहून सांगितलं. वर्तमानपत्रांनी तेच छापलं आणि ते योग्यच होतं. पण त्याच संध्याकाळी त्याच रिंगमध्ये आणखी एक लढत झाली. डब्ल्यूबीसी या जागतिक संस्थेचा आशियाई वेल्टरवेट किताब पणाला लागला होता. एका बाजूला हरियाणाचा नीरज गोयत, दुसऱ्या बाजूला फिलिपिन्सचा अ‍ॅलन तानाडा. गोयत गुणांवर जिंकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासला टायसन आणि जेक पॉल यांचा गाजलेला सामना झाला, त्याच्या आधीच्या लढतींत जिंकलेला भारतीय तो हाच गोयत.

असा सामना टीव्हीवर बघताना आपली नजर ठोशांवर असते. मी आज तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगणार आहे. रिंगच्या भोवती दोर किती आहेत ते मोजा. चार असतात. अजिंक्यपदाच्या लढतीच्या फेऱ्या मोजा. पुरुषांच्या जास्तीत जास्त बारा असतात, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. हे चार आणि बारा आकडे कुणी टेबलाशी बसून सहज ठरवलेले नाहीत. या आकड्यांमागे माणसं आहेत. त्यातली तीन आज सांगतो.

पहिला बेनी पॅरेट. क्यूबाचा, उसाच्या शेतात राबलेला गरीब मुलगा, वेल्टरवेटचा जगज्जेता. त्याचा प्रतिस्पर्धी एमिल ग्रिफिथ, व्हर्जिन बेटांवरून न्यूयॉर्कला आलेला आणि टोप्यांच्या कारखान्यात काम करणारा तरुण. एप्रिल १९६१ मध्ये ग्रिफिथने पॅरेटला नॉकआउट करून किताब घेतला. सप्टेंबरमध्ये पॅरेटने गुणांवर तो परत मिळवला. डिसेंबरमध्ये पॅरेट वरच्या वजनगटात जीन फुलमरशी लढला आणि दहाव्या फेरीपर्यंत बेदम मार खाऊन नॉकआउट झाला. त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो पुन्हा ग्रिफिथसमोर उभा राहिला. सामन्याआधी वजन करताना पॅरेटने ग्रिफिथच्या खाजगी आयुष्यावरून घाणेरडा शेरा मारला होता, त्यामुळे ग्रिफिथ आतून पेटलेला होता.

सहाव्या फेरीत पॅरेटने ग्रिफिथला खाली पाडलं. घंटा झाली म्हणून ग्रिफिथ वाचला. बाराव्या फेरीत मात्र ग्रिफिथने पॅरेटला कोपऱ्यात गाठलं. पॅरेट दोरांत अडकला आणि दोरांनीच त्याला उभं धरून ठेवलं. तो पडूच शकत नव्हता. तशा अवस्थेत काही सेकंदांत वीसेक ठोसे त्याच्या डोक्यावर बसले. पंच होते रुबी गोल्डस्टीन, अतिशय अनुभवी आणि आदरणीय गृहस्थ. ते मध्ये पडले, पण उशिरा. पॅरेटच्या कोपऱ्यातूनही कुणी लढत थांबवली नाही. हे सगळं अमेरिकाभर टीव्हीवर थेट दिसत होतं. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही. ३ एप्रिलला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला.

गोल्डस्टीन चौकशीत निर्दोष ठरले. ते उशिरा का थांबले याचं एक कारण असं सांगतात की, थकल्याचं सोंग करून अचानक उसळण्याची पॅरेटला सवय होती. पंचांना वाटलं, आताही उसळेल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पंच दुष्ट नव्हते, आंधळेही नव्हते. त्यांनी एक संधी जास्त दिली, इतकंच.

दुसरा डेव्ही मूर. हा वेल्टरवेट नव्हता, फेदरवेटचा विजेता होता. पण त्याची लढत ज्या रात्री झाली त्याच रात्री, २१ मार्च १९६३ ला, लॉस एंजेलिसच्या त्याच डॉजर स्टेडियमवर आपला एमिल ग्रिफिथही वेल्टरवेट किताबासाठी लढत होता आणि लुईस रॉड्रिग्जकडून हरला. पॅरेटच्या मृत्यूला तेव्हा एक वर्षही पुरं झालेलं नव्हतं. मूर पडताना त्याच्या मानेचा मागचा भाग खालच्या दोरावर आपटला. सामन्यानंतर तो वार्ताहरांशी नीट बोलला आणि मग बेशुद्ध झाला. चार दिवसांनी गेला. त्या काळी रिंगला तीन दोर असत. त्यानंतर चौथा आला.

तिसरा दक्षिण कोरियाचा किम दुक-कू, लाइटवेट गटातला. १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत तो पडला आणि काही दिवसांत गेला. तोवर अजिंक्यपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. डब्ल्यूबीसीने लगेच त्या बारावर आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत इतर संस्थांनीही तेच केलं. वरळीला आपण पाहिला तो चौथा दोर मूरचा आहे, आणि जगज्जेतेपदाची तेरावी फेरी आज होत नाही ती किमच्यामुळे.

यावर जुने शौकीन हळहळतात. त्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. १६ सप्टेंबर १९८१ ला शुगर रे लिओनार्ड आणि टॉमी हर्न्स या दोन वेल्टरवेट विजेत्यांची लढत झाली. ती या गटातल्या सर्वांत थोर लढतींपैकी एक मानली जाते. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा हर्न्स पुढे होता. लिओनार्डचा डावा डोळा सुजून मिटत आला होता. तेराव्या फेरीत लिओनार्डने सामना फिरवला आणि चौदाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवून त्याला विजयी केलं. थांबली त्या क्षणीही तिन्ही परीक्षकांच्या कागदावर हर्न्सच पुढे होता. आजचा नियम तेव्हा असता तर तो किताब हर्न्सचा झाला असता, आणि खेळाच्या इतिहासातली एक झुंज आपण गमावली असती. नियमाची किंमत असते. ती द्यावी, असं माझं मत आहे.

का द्यावी? आपल्या कुस्तीशी तुलना करून सांगतो. कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्ती होते. पाठ मातीला लागली, चितपट झाली, संपलं. हजारो लोकांना एकाच वेळी दिसतं की कुस्ती संपली. हरलेला पैलवान माती झटकतो, जिंकलेला त्याला मिठी मारतो. कुस्तीचा शेवट कुस्तीतच आहे आणि तो उघड्यावर आहे. मुष्टियुद्धात तसं नाही. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. ठोसा लागला की कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. आतल्या नाजूक शिरा ताणल्या जातात, एखादी फुटते, रक्त साचत जातं. बाहेर मात्र माणूस उभा असतो, हातवारे करतो, उत्तरंही देतो. ग्लोव्हज मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात. हौशी मुलांच्या डोक्याला घालतात ते शिरस्त्राणही कातडी फाटण्यापासून वाचवतं, आतल्या हादऱ्यापासून नव्हे. वर्षानुवर्षं बसलेल्या हादऱ्यांचा हिशेब पुढे उतारवयात पुरा होतो. मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे १९२८ साली लिहून ठेवलं आहे. एमिल ग्रिफिथ २०१३ मध्ये वारला तेव्हा त्याची स्मृती केव्हाच गेली होती.

म्हणजे कुस्तीत जी गोष्ट माती सांगते, ती इथं कुणीतरी माणसाने सांगावी लागते. ती सांगणारे दोघंच. रिंगमध्ये पंच असतो, आणि कोपऱ्यात पंचा असतो. हसू नका, खरंच सांगतो. कोपऱ्यातल्या वस्तादाच्या खांद्यावरचा टॉवेल म्हणजे आपला पंचाच. तो रिंगमध्ये भिरकावला की अर्थ असा, आमचा माणूस हरला, थांबवा. प्रत्यक्षात हल्ली बरेचदा वस्ताद पायरीवर चढून पंचाला खूण करतो, पण नाव टॉवेलचंच.

आता थोडं स्वतःबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय वहिनींना दिलेलं उत्तर अर्धवट राहील.

पुण्यात कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र दोघंही वेल्टरवेट होतो. एका स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत गारद झालो, तो पुढच्या फेरीत गेला. आमच्याबरोबर प्रशिक्षक आलेले नव्हते, म्हणून त्याच्या कोपऱ्यात मी उभा राहिलो. हौशी सामना, तीनच फेऱ्या. दुसऱ्या फेरीच्या शेवटी तो स्टुलावर येऊन बसला तेव्हा मी त्याला पाणी दिलं. त्याने बाटली घेतली आणि ती तोंडाऐवजी हनुवटीला लावली. पाणी छातीवर सांडलं. मी ते टॉवेलने पुसलं. टॉवेल माझ्या हातात होता, मंडळी. मला कळलं होतं. पण तो म्हणाला, “एकच फेरी आहे.” आणि मला वाटलं, आत्ता थांबवलं तर हा आयुष्यभर मला बोलेल, होस्टेलवर सगळे हसतील. मी टॉवेल खांद्यावर टाकला.

तिसरी फेरी तो उभ्याने लढला आणि गुणांवर हरला. पडला नाही, रक्त आलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. लकडी पुलावर त्याने विचारलं, “निकाल काय लागला रे?” मी सांगितलं. डेक्कनला त्याने पुन्हा विचारलं, “निकाल काय लागला?” होस्टेलच्या फाटकाशी उतरल्यावर तिसऱ्यांदा, अगदी हसऱ्या चेहऱ्याने, “जिंकलो का आपण?”

तो वाचला. दोन दिवसांत सावरला. डॉक्टरांनी पुन्हा रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही असं बजावलं आणि त्याने ऐकलं. आज तो चांगला आहे, दोन मुलांचा बाप आहे. त्याने मला कधीही बोल लावला नाही. त्याला त्यातलं काही आठवतच नाही, बोल कुठून लावणार! आठवतं ते मला. गोल्डस्टीन यांच्याबद्दल वाचतो तेव्हा मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मीही एक संधी जास्त दिली होती. नशीब माझं बरं होतं, एवढाच फरक.

थांबण्याची लाज वाटते, हे खरं दुखणं आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यू ऑर्लिन्सला रॉबर्टो दुरान हा पनामाचा ढाण्या वाघ लिओनार्डविरुद्ध वेल्टरवेट किताब राखण्यासाठी लढत होता. आठव्या फेरीत त्याने पाठ फिरवली आणि हाताने खूण केली, बस्स. जगाने त्याला भित्रा ठरवलं. त्याची टिंगल वर्षानुवर्षं चालली. पण हाच दुरान पुढे आणखी दोन वजनगटांत जगज्जेता झाला. एक लढत अर्धवट सोडल्याने त्याचा खेळ संपला नाही.

आणि एक वस्ताद सांगतो. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली आणि फ्रेझियर, हेवीवेट. चौदा फेऱ्या झाल्या होत्या, एकच उरली होती. फ्रेझियरचे डोळे सुजून बंद होत आले होते, तरी तो उठायला निघाला. त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला खाली बसवलं आणि सामना थांबवला. पलीकडे अलीचीही अवस्था वाईट होती. त्यामुळे ती शेवटची फेरी झाली असती तर काय झालं असतं, यावर शौकीन आजही वाद घालतात. घालोत. फ्रेझियर त्यानंतर छत्तीस वर्षं जगला.

वहिनी समोरच बसल्या आहेत, मुलगाही आहे. तर उत्तर असं. खेळ वाईट नाही. माझ्या अंगात जी काही शिस्त आहे ती पहाटेच्या दोरीच्या उड्यांनी आणलेली आहे. शिकू द्या. पाय, श्वास, पंचिंग बॅग, सगळं शिकू दे. सरावात डोक्यावर मार किती बसतो, याची चौकशी करा. डोकं दुखतं, उलटी होते, गोष्टी विसरतो, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नव्हे. आणि स्पर्धेचा फॉर्म भरण्यापूर्वी त्या प्रशिक्षकांना भेटून एकच प्रश्न विचारा. क्लासला पदकं किती मिळाली, हे विचारू नका. विचारा, “सर, तुम्ही आपल्या मुलाची लढत शेवटची कधी थांबवलीत?” त्यांनी प्रसंग सांगितला, तर मुलाला निर्धास्तपणे पाठवा. आमची मुलं कधी मागे हटत नाहीत, असं ते छाती काढून म्हणाले, तर चहा घ्या, आभार माना आणि दुसरा क्लास बघा.

आणि बाळा, तुला एक सांगतो. रिंगमध्ये जाण्याआधी तुझ्या कोपऱ्यातल्या माणसाला तू स्वतः सांगायचं, “तुम्ही थांबवलंत तर मी रागावणार नाही.” आधी सांगायचं. स्टुलावर बसल्यावर ते सुचत नाही, आणि समोरच्याला ऐकूही येत नाही. माझ्या मित्राने मला ते सांगितलं असतं, तर मी टॉवेल टाकला असता असं मला वाटतं. निदान टाकायला सोपं गेलं असतं.

आपण बाप्पाला घरी आणतो तेव्हा निरोपाचा दिवस आधीच ठरलेला असतो. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा दहा. शेवटच्या आरतीला डोळे भरून येतात, अजून एक दिवस राहू दे असं वाटतं, तरी आपण त्याला उचलतो. म्हणून पुढल्या वर्षी लवकर या असं म्हणता येतं.

समितीने दिलेली वेळ संपल्याची खूण आमचे सेक्रेटरी मघापासून करत आहेत. त्यांच्या हातात सुदैवाने पंचा नाही, पण मी पंचांचा निर्णय मानतो आणि थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!